न मेलेल्या लोहाराचे पुनरुज्जीवन

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात ‘लोककला आणि साहित्य’ ह्या विषयावर एक चर्चासत्र झाले. पाहुण्यांना शाल-श्रीफळाऐवजी काहीतरी आशयपूर्ण द्यावे असे ठरले आणि बस्तरच्या लोहशिल्पातले दिवे मागवण्यात आले. लांब मानेचे हरिण, त्याच्या शिंगांच्या मधोमध पणती. वस्तू देखणी होती, ह्यात वाद नाही. स्मरणिकेत मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सर्वांचे नावानिशी आभार मानले होते. दिव्याच्या खोक्यावर मात्र विक्रीकेंद्राचे नाव, किंमत आणि ‘हस्तनिर्मित’ एवढाच मजकूर होता. कोणाच्या हातांनी, हे खोके सांगत नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. समारोपाच्या भाषणात एका वक्त्यांनी ‘ह्या मृतप्राय कलेच्या पुनरुज्जीवनाला हातभार लावल्याबद्दल’ आमचे अभिनंदन केले. त्याच वेळी महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेर, आठवडी बाजाराच्या कडेला, घिसाड्यांचे एक कुटुंब भाता लावून बसले होते. घणाचा आवाज सभागृहात येऊ लागला, म्हणून खिडक्या लावून घेतल्या गेल्या. लावणाऱ्यांत आम्हीही होतो.

हा लेख त्या खिडक्यांविषयी आहे. लोहारकामाचे ‘समकालीन कला’ म्हणून जे पुनरुज्जीवन झाले आहे, त्याविषयी अलीकडे आपल्याकडेही कौतुकाने बोलले जाते. प्रदर्शने भरतात, कार्यशाळा होतात, शहरातल्या घरांच्या भिंतींवर लोखंडी मोर येतात. ह्या कौतुकाला आमचा एक आक्षेप आहे. पुनरुज्जीवन म्हणायचे तर आधी मृत्यू मान्य करावा लागतो. हा मृत्यू कोणाचा झाला, कोणी जाहीर केला आणि ज्याच्या नावाने तो जाहीर झाला त्याला कोणी विचारले होते काय, हे प्रश्न पुढे ढकलून कौतुक करता येणार नाही. साहित्याच्या माणसांना तर मुळीच नाही, कारण हाच अपराध आपण लोकसाहित्याच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत.

ज्या देशांत ही चळवळ जन्मली तेथला इतिहास आधी नीट पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गावोगावच्या लोहारशाळा ओस पडत गेल्या. घोडा गेला, ट्रॅक्टर आला. नांगराचा फाळ कारखान्यातून येऊ लागला. वेल्डिंगने सांधे जोडण्याचे काम सोपे केले. १९६९ साली अॅलेक्स बीलर ह्यांचे ‘द आर्ट ऑफ ब्लॅकस्मिथिंग’ हे पुस्तक निघाले, तेव्हा ते एका मावळत्या विद्येची नोंदवही म्हणूनच लिहिले गेले होते. पण घडले उलटे. १९७३ साली जॉर्जिया राज्यात मोजके लोहार एकत्र आले आणि उत्तर अमेरिकेच्या ‘आर्टिस्ट-ब्लॅकस्मिथ’ संघटनेची स्थापना झाली. इलिनॉयमधल्या कार्बनडेल येथील विद्यापीठात ब्रेंट किंग्टन ह्यांनी भट्टीला पदव्युत्तर अभ्यासक्रमात जागा मिळवून दिली. १९७८ साली ब्रिटनमध्ये तशीच संघटना निघाली. १९७९ साली मेम्फिस येथे केवळ धातुकामाला वाहिलेले संग्रहालय उघडले. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नव्या लोहयुगाची द्वाही फिरवणारे प्रदर्शन भरले.

ह्या चळवळीचे श्रेय आम्ही नाकारत नाही. तिने कारागिरीची गुपिते तिजोरीत ठेवली नाहीत. संमेलनांतून उघड्यावर भट्ट्या पेटवल्या, नियतकालिके काढली, जो येईल त्याला शिकवले. तिने विद्यापीठाला ऐरणीजवळ आणले, ही गोष्ट तर आपल्या विद्यापीठांच्या दृष्टीने आजही स्वप्नवत आहे. पण तिने निवडलेला जोडशब्द पाहा: ‘आर्टिस्ट’ आणि ‘ब्लॅकस्मिथ’. नुसते ‘ब्लॅकस्मिथ’ का पुरले नाही? जो शब्द जोडला तो कोणापासून वेगळे दिसण्यासाठी जोडला? नालबंदापासून, गावच्या फाळ ठोकणाऱ्यापासून वेगळे दिसण्यासाठी, हे उघड आहे. नवा लोहार जन्माला येण्यासाठी जुन्याला नुसता ‘लोहार’ ठरवावे लागले.

दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे हे स्पष्ट होईल. अल्बर्ट पेली हे मुळात दागिने घडवणारे कलावंत. वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीसाठी त्यांनी घडवलेली ‘पोर्टल गेट्स’ १९७४ साली पूर्ण झाली आणि नव्या लोहकलेचा तो मानदंड ठरला. वेलींसारखी वळणारी, पिळलेली, एकमेकींत गुंतलेली ती दारे सुंदरच आहेत. ह्याच काळात दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात फिलिप सिमन्स नावाचा कृष्णवर्णीय लोहार काम करत होता. १९१२ सालचा जन्म. तेराव्या वर्षी तो पीटर सिमन्स ह्यांच्या हाताखाली उमेदवारीला लागला. आडनाव एकच असले तरी दोघांचे नाते नव्हते, आणि पीटर सिमन्स हे गुलामीत जन्मलेले लोहार. गाड्या आणि घोडे कमी झाले तेव्हा फिलिप सिमन्स दारे, कठडे, जाळ्या घडवू लागला. त्याच्या हातची पाचशेहून अधिक कामे आहेत. वेटोळे घातलेल्या सापाचे त्याचे दार आजही लोक थांबून पाहतात. त्याने कशाचेही पुनरुज्जीवन केले नाही, कारण त्याच्या हातून ही विद्या कधी सुटलीच नव्हती.

सिमन्सला मान मिळाला नाही असे नव्हे. १९७६ साली स्मिथसोनियनच्या लोकजीवन महोत्सवात त्याने तारा आणि मासा असलेले दार घडवले. १९८१ साली जॉन मायकेल व्लाक ह्या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९८२ साली त्याला राष्ट्रीय वारसा-शिष्यवृत्ती मिळाली. पण फळ्या पाहा. पेली ‘कले’च्या फळीवर, सिमन्स ‘लोककले’च्या, ‘वारशा’च्या फळीवर. एकाची निर्मिती ही प्रतिभा, दुसऱ्याची ही परंपरा. पेलींच्या वळणाला ‘शैली’ म्हणायचे आणि सिमन्सच्या सापाला ‘आकृतिबंध’. दोघांच्याही हातात तोच हातोडा, तीच भट्टी. आणि सिमन्सच्या मागे चार्ल्स्टनमधले जे गुलाम लोहार होते, ज्यांच्या घामातून त्या शहराचे जुने दरवाजे निघाले, त्यांची नावे बहुतांशी कोठेच नाहीत. ती नसण्याचे कारण त्यांची नम्रता नव्हते. हिशोबाच्या वहीत मालकाचे नाव लिहिले की काम भागत होते, एवढेच.

आता कोणी म्हणेल, की हे सारे अमेरिकेचे. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध हा, की ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द आपण तेथून उसना घेतला तेव्हा त्याबरोबर ह्या फळ्याही आल्या. तेथे निदान गावोगावची भट्टी खरोखरच थंडावली होती. आपल्याकडे ती थंडावलेली नाही. विटलेली, उपाशी, गावकुसाबाहेर ढकललेली आहे. पण पेटती आहे. जे पेटते आहे त्याला पुन्हा पेटवल्याचे श्रेय घेणे ह्याला आम्ही लबाडी म्हणतो.

बस्तरचेच पाहा. छत्तीसगढमधल्या कोंडागावच्या परिसरातले लोहार गोंड-मुरिया समाजासाठी शेतीची अवजारे घडवत आले, तसेच देवाचे आणि लग्नाचे दिवेही. मध्य भारतातल्या डोंगरांत खनिज वितळवून लोखंड काढणारे समाज होते. वेरियर एल्विन ह्यांचे ‘द अगारिया’ हे पुस्तक १९४२ सालचे. त्यात लोहासुर, कोयलासुर, अग्यासुर ह्या दैवतांची जी कथासृष्टी आहे, ती वाचताना लोखंड, कोळसा आणि अग्नी ह्यांचे असे दैवतशास्त्र उभे करणाऱ्यांना आपण ‘निरक्षर कारागीर’ म्हणतो ह्याची लाज वाटते. कारखान्याचे लोखंड आले, जंगलाचे कायदे आले आणि त्या भट्ट्या विझत गेल्या. लोहार भंगाराच्या लोखंडावर आला. शहराच्या बाजारासाठी हरणे आणि वादक घडवू लागला. ह्या शिल्पाला भौगोलिक निर्देशनही मिळाले. चांगले झाले. पण भौगोलिक निर्देशन हे भूगोलाचे नाव राखते. वस्तू बस्तरची, एवढे ते सांगते. बस्तरमधल्या कोणाची, हे सांगणे त्याचे कामच नाही. ते काम विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे होते. आम्ही घेणारे होतो.

बस्तर दूर वाटत असेल तर घराजवळ येऊ. गावगाड्यातला लोहार हा बलुतेदार. आणि ज्याला गावात जागा नाही असा फिरता लोहार म्हणजे घिसाडी. बिऱ्हाड पाठीवर, भट्टी जमिनीत खणलेल्या खड्ड्यात. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि पुष्कळदा समोरून घण घालते ती बाई. ह्या समाजाने मराठी भाषेला काय दिले? विळे, कोयती, कुऱ्हाडी, खुरपी दिली. आणि भाषेने त्याची परतफेड एका शब्दाने केली: ‘घिसाडघाई’. अविचाराने, ओबडधोबड, कसेतरी उरकलेले काम! आम्ही स्वतः विद्यार्थ्यांच्या निबंधांवर लाल शाईने हा शब्द किती वेळा लिहिला असेल, ह्याची मोजदाद नाही.

त्या घाईचा अर्थ आम्हांला फार उशिरा कळला. लोखंड भट्टीतून बाहेर काढले की ते निवू लागते. नारिंगी रंगाचे लाल होते, लालाचे काळपट. पातळ पात्याला हाताशी काही सेकंदच असतात; काळपट झाल्यावर घाव घातला तर ते वळण्याऐवजी तडकण्याची भीती. म्हणून घाव नेमके, झटपट आणि ठरलेल्या क्रमाने पडावे लागतात. रंग डोळ्यांनीच ओळखायचा, म्हणून काम सावलीत करायचे. शेवटी धारेला पाणी द्यायचे: तापलेले पाते किती बुडवायचे, केव्हा काढायचे, ह्यावर ते मऊ राहील, ठिसूळ होईल की टिकेल हे ठरते. ही घाई अडाण्याची नव्हे. सुतार थांबून विचार करू शकतो, शिंपी टाका उसवू शकतो, आपण लेखक तर वाक्य दहादा खोडतो. लोहाराला विचार आधीच करून ठेवावा लागतो. हे ज्ञान ज्यांनी रस्त्यावर बसून सांभाळले, त्यांच्या नावाने आपण निष्काळजीपणाला नाव दिले. आणि तीच क्रिया एखाद्या कलादालनात, काळे एप्रन बांधलेल्या कलावंताने केली की आपण तिला ‘उत्स्फूर्तता’ म्हणतो.

भाषेचा प्रश्न निघालाच आहे, तर आपल्या समीक्षेची तिजोरीही उघडू. कादंबरीची ‘घडण’, व्यक्तिमत्त्वाची ‘जडणघडण’, ‘घडीव’ शैली, ‘ओतीव’ रचना, उपरोधाची ‘धार’, ‘पाणीदार’ भाषा. हा सारा ऐवज धातुकाम करणाऱ्यांच्या कामातून येथे आलेला आहे. ‘साधी माणसं’ (१९६५) ह्या चित्रपटातले लोहार दांपत्य आणि जगदीश खेबुडकरांनी त्यांच्या तोंडी दिलेले ऐरणीचे गाणे ऐकून आपण अजूनही हळवे होतो. म्हणजे ऐरण आपल्याला रूपक म्हणून हवी, गाणे म्हणून हवी, स्मरणचिन्ह म्हणून हवी. तिच्यासमोर बसलेले माणूस तेवढे खिडकीबाहेर असावे.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळणे योग्य नव्हे. आनंद कुमारस्वामींनी ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ (१९०९) पासून पुढे जी मांडणी केली, तिच्या आधारे असे म्हटले जाते, की भारतीय कारागीर नाव लावत नाही. त्याची कला व्यक्तीची नसून परंपरेची असते. सही हा पाश्चात्त्य व्यक्तिवादाचा रोग आहे. मग नावाचा आग्रह धरून तुम्हीच पाश्चात्त्य फळी आणत नाही का?

आमचे उत्तर असे. गावातला लोहार अनाम कधी होता? ज्या गावात तो फाळ ठोकत होता त्या गावात प्रत्येक कुऱ्हाड कोणाच्या हातची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. काम बिघडले तर त्याच्या दारात जाऊन नावानिशी शिव्या देता येत होत्या. सहीची गरज नव्हती, कारण ओळख होती. ती ओळख जातीच्या दोरखंडाने बांधलेली होती, बलुत्याच्या पायलीत मोजली जात होती, हे आम्ही विसरत नाही, त्र्यं. ना. आत्र्यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचलेल्या कोणालाही त्या व्यवस्थेचे गोडवे गाता येणार नाहीत. पण ती व्यवस्था अन्याय्य होती म्हणून तिच्यात लोहार बेनाम होता, असे होत नाही. तो बेनाम झाला तो वस्तू गाव सोडून विक्रीकेंद्राच्या कपाटात गेली तेव्हा. ‘अनाम लोककलावंत’ ही भारतीय परंपरेची देणगी नसून ती आधुनिक बाजाराची सोय आहे, आणि आम्ही अध्यापकांनी तिला तत्त्वज्ञानाचे अस्तर शिवले आहे.

नावाने सर्व काही साधते असाही आमचा भ्रम नाही. वारली चित्रकलेला जिव्या सोमा मशे हे नाव मिळाले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. तरीही आज कपांवर, पिशव्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर नाचणाऱ्या त्या आकृती काढणाऱ्या शेकडो हातांची नावे कोणाला ठाऊक आहेत? एका नावाच्या सावलीत बाकीचे पुन्हा अनाम होतात. लोहकामातही हे घडलेले आहे. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल येलिन ह्यांच्या कार्यशाळेत १९२०च्या दशकात दोनशेहून अधिक माणसे काम करत होती. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या जाळ्या-दारांवर इतिहासाने नाव कोरले ते एकट्या येलिन ह्यांचे.

आणि खरे सांगायचे तर आमच्या नाव-प्रेमाची पहिली फजिती त्या कुंपणाबाहेरच झाली. चर्चासत्र संपल्यावर, मनाला काहीतरी टोचले म्हणून, आम्ही त्या घिसाडी कुटुंबाकडे गेलो. घण टेकवून उभ्या असलेल्या बाईला आम्ही मोठ्या आदराने नाव विचारले. तिने आम्हांला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाली, “नाव घेऊन काय करता? विळा पाहिजे का?” आम्ही विळा घेतला. तिने किंमत सांगितली आणि आमच्यातल्या एकाने सवयीने घासाघीस केली. दिव्यांच्या बाबतीत आम्ही छापील किमतीला हूं की चूं केले नव्हते, कारण ती ‘कला’ होती.

त्या बाईचा प्रश्न आमच्या साऱ्या मांडणीपेक्षा नेमका होता. नाव ही आमची, कागदाच्या माणसांची भूक आहे. तिला हवा होता भाव. मात्र आमच्या मते ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्याचे नाव कोणी विचारत नाही त्याच्याशीच घासाघीस करता येते. कलावंताचे नाव ही त्याच्या किमतीची ढाल असते; लोहाराकडे ती ढाल नाही. सरकारच्या दृष्टीने तो अवजारवाला: २०२३ सालच्या विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत लोहार आहे आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची तरतूद आहे. मिळोत. कलाविश्वाच्या दृष्टीने तो वारसा. भाषेच्या दृष्टीने तो घाईगर्दी. गुरू म्हणून मात्र त्याच्याकडे कोणीच पाहत नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. लोहारकलेच्या पुनरुज्जीवनाची भाषा बंद करावी आणि लोहाराच्या हक्काची भाषा सुरू करावी. जी संस्था लोहशिल्प विकते तिने वस्तूवर घडवणाऱ्याचे, किंवा दोघे-तिघे घडवणारे असतील तर त्या सर्वांचे, नाव आणि त्यांच्या हाती पडलेली रक्कम लिहावी. कार्बनडेलला भट्टी विद्यापीठात गेली तशी ती आपल्या कलामहाविद्यालयांत जावी. पण तिच्यापुढे शिकवायला पदवीधर कलावंताबरोबर पदवी नसलेला लोहार आणि घण घालणारी त्याची बायकोही असावी, आणि त्यांना मानधन नव्हे, वेतन मिळावे. हे अशक्य वाटत असेल, तर निदान पुनरुज्जीवनाच्या गप्पा तरी थांबवाव्यात.

आणि आपण, मराठी शिकवणारे? १९८० साली लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ आले तेव्हा टोपल्या विणणाऱ्यांच्या पालातून आलेला माणूस स्वतःच लेखक म्हणून समोर उभा राहिला आणि ‘भटक्यांचे लोकजीवन’ ह्या आपल्या प्रकरणाची पाने एकाएकी जुनी झाली. तेवढा धडा तरी आपण घेतला आहे काय? अजूनही ओव्यांच्या, गीतांच्या, कथांच्या खाली आपण ‘अनाम’ असे लिहितो. ह्यापुढे जेथे तसे घडले असेल तेथे ‘नाव विचारले गेले नाही’ असे लिहावे. वाक्य ओबडधोबड आहे. पण त्यात कर्त्याचा दोष कर्त्याकडे राहतो. लाल शाईने ‘घिसाडघाई’ लिहिणे आम्ही सोडून दिले आहे. त्याजागी ‘निष्काळजीपणा’ लिहितो. तो तरी निखालस आमचा आहे.

विळा अजून आमच्या विभागात आहे. कोणाला स्मरणचिन्ह म्हणून दिलेला नाही. त्याच्या मुठीवर नाव नाही, कारण त्या दिवशी भावात दहा रुपये वाचवून आम्ही परत फिरलो आणि ते पुन्हा विचारले नाही. पुढच्या आठवड्यात ती जागा मोकळी होती. काळ्या पडलेल्या खड्ड्यात थोडी राख होती, एवढेच.